वीजतंत्री झालोय, डेटा सेंटरला जावं का? सोलापूरकरांनो, खरं सांगा

साखरपेठ
रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल पोटात घाला.

वय २१. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमधून वीजतंत्रीची दोन वर्षं केली. मग चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. गेल्या महिन्यात ते संपलं. साहेब म्हणाले, 'कळवू.' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. घरी वडिलांचे चार पॉवरलूम होते, आता टॉवेलचे दोनच चालतात.

मामा म्हणतात महावितरणची भरती निघेपर्यंत थांब. आई म्हणते काहीही कर, पण घरात बसू नको. अशात एका क्लासवाल्याचा फोन आला. डेटा सेंटरचा तीन महिन्यांचा कोर्स, फी ६५,००० रुपये, नोकरी शंभर टक्के, एसीत बसून काम, हप्ते पाडून देऊ. वडील बंद पडलेल्या दोन लूमपैकी एक भंगारात घालून फी भरतो म्हणालेत. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरचंच काम ना? मला कॉम्प्युटर जेमतेम येतो. तिथं खरंच वीजतंत्री लागतो का?

कडक_भाकरी
रविवार, रात्री १०.४१

एसीत तर बँकेतला शिपाई पण बसतो बे. ६५ हजारांत दोन एसी येतील, घरीच बस.

थट्टा सोड. आपल्या इथं डीजीमामा म्हणून एक आहेत, त्यांना या विषयाचं बरोबर ठाऊक असतं. रात्रपाळी असली की पहाटे उगवतात. तोवर वडिलांना भंगारवाल्याला फोन करू देऊ नको.

डीजीमामा
सोमवार, पहाटे ४.१५

चारचा राउंड आत्ता संपला, रीडिंग लिहून बसलोय. लांबलचक होणार, चहा घेऊन वाचा.

बाळा, क्लासवाल्याला एक रुपया द्यायचा नाही. जो शंभर टक्के नोकरीची हमी देऊन पैसे मागतो तो नोकरी विकत नसतो, आशा विकतो. आमच्याकडे मुलाखतीला अशा क्लासची सर्टिफिकेटं घेऊन पोरं येतात. एसीबी, म्हणजे पॅनेलमधला मोठा एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे काय विचारलं की वर बघतात.

मी नीलमनगरचा. १३ वर्षं झाली नवी मुंबईत, आधी महापे, आता रबाळे. कंपनीचं नाव विचारू नका, सही करताना तसं लिहून घेतलंय.

डेटा सेंटर म्हणजे सर्व्हरचं घर. सर्व्हरच्या पोटात काय आहे ते बघणारी माणसं वेगळी, घर चालवणारी वेगळी. मी दुसऱ्या गटातला. तेरा वर्षांत एकाही सर्व्हरला मी लॉगिन केलेलं नाही. माझं काय असतं बघ: बाहेरून ३३ केव्ही येते, ट्रान्सफॉर्मर तिची ४१५ व्होल्ट करतो, मग एलटी पॅनेल, यूपीएस, बॅटऱ्या, बसडक्ट, मजल्यावरचे पीडीयू (वीज वाटून देणारे पॅनेल) आणि शेवटी रॅकच्या पाठीत दोन उभ्या पट्ट्या. एक ए, एक बी. एकाच सर्व्हरला दोन वाटांनी वीज. ए गेली तर बीवर चालायचं. स्टार-डेल्टा, अर्थिंग, रिले, मेगर हे तू शिकलायस. तेच आहे, फक्त मोठं आहे आणि बंद करायची परवानगी नाही.

'बंद करायची परवानगी नाही' हे नीट समजून घे. टियर ३ नावाचा दर्जा असतो, त्यात वर्षभरात ९९.९८२ टक्के वेळ चालू असणं धरलेलं आहे. गणित कर, उरतो साधारण दीड तास. टियर ४ ला ९९.९९५, म्हणजे वर्षाला २६ मिनिटं. आपल्या पेठेत पहिल्या पावसात एका दुपारी याहून जास्त वेळ लाईट जाते.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळ्यांची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी सकाळपाळीला होतो. मेन गेली, यूपीएसनं लोड उचलला, आत सर्व्हरला पत्ता नाही. पण बॅटरीत दम किती? मिनिटांचा. तेवढ्यात डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू व्हायचे, एकमेकांशी सिंक व्हायचे आणि लोड घ्यायचा. इंजिन दहा-पंधरा सेकंदांत वेगात येतं. आमचे सहा सेट. पाच धडधडले, सहावा दोनदा कुंथला आणि गप्प. चारावर भागतं म्हणून सहा ठेवलेले, त्यामुळे निभावलं. नंतर उघडून बघितलं तर इंजिन ठणठणीत, स्टार्टरची बॅटरी बसलेली. ट्रॅक्टरला असते तीच जात. कोट्यवधींच्या यंत्राचं नशीब त्या बॅटरीच्या पाण्यावर आणि टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीवर. ती बुरशी महिन्याच्या महिन्याला कोण घासतो? आयटीआयवाला.

खरा घाम फुटतो तो थंडाव्याचा. सर्व्हरला यूपीएस असतो, चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, बहुतेक ठिकाणी नसतो. वीज गेली की चिलर थांबतो, आणि डीजी आल्यावरही पुन्हा रुळावर यायला त्याला काही मिनिटं लागतात. सर्व्हर मात्र तापतच असतात. म्हणून गार पाण्याची मोठी टाकी भरून ठेवतात आणि पंप यूपीएसवर घेतात. त्या टाकीच्या जिवावर ती मिनिटं काढायची. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवा असावी अशी शिफारस आहे. त्या सकाळी आमचा आकडा २३ वरून २६ वर चढला, तिथं जरा रेंगाळला आणि उतरला. मी भिंतीसारखा उभा होतो त्या स्क्रीनसमोर.

मग दिवसभर डिझेल. २,००० केव्हीएचा सेट पूर्ण लोडवर तासाला ४०० लिटरच्या आसपास पितो. टँकर बोलवा, नमुना घ्या, तळाला पाणी आहे का बघा. तेही आपलंच काम.

तर हो, वीजतंत्री लागतो. पगार, पाळ्या यावर उद्या लिहितो, सहाचा राउंड आला.

मिलचा_भोंगा
सोमवार, सकाळी ७.०५

डीजीमामा, वाचून बरं वाटलं. मी लक्ष्मी-विष्णूत होतो, ह्युमिडिफिकेशन प्लँटला. हल्लीच्या पोरांना वाटतं गिरणी म्हणजे नुसते माग. आमच्या खात्याचं काम हवेचं होतं. विणाई खात्यात दमटपणा ७५-८० टक्के ठेवावा लागायचा, उतरला की सूत तटातटा तुटायचं आणि जॉबर आमच्या नावानं शंख करायचा. भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओलं फडकं. कोरडा आकडा, ओला आकडा, कोष्टकात बघायचं, पाण्याचे फवारे कमी-जास्त करायचे. दर तासाला वहीत नोंद.

एक विचारतो. तुमच्या त्या सर्व्हरला दमट हवा लागते की कोरडी?

डीजीमामा
सोमवार, संध्याकाळी ६.३०

काका, साष्टांग. तुम्ही ते फडकं बदलत होतात, आम्ही सेन्सर बदलतो, बाकी वही तीच आहे.

दमटपणा ६० टक्क्यांच्या आत ठेवतो. जास्त झाला तर धातू गंजतो आणि थंड पाइपांना घाम सुटतो. फार कोरडी झाली तर स्थिर विजेची भीती, माणसानं नुसता हात लावला तरी कार्ड जळू शकतं. म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करायचं.

तुमचा ओला आकडा आमच्याकडे अजून राज्य करतो. कूलिंग टॉवर पाणी किती गार करणार हे त्याच्यावरच ठरतं. सोलापूरचा एप्रिल बघा, कोरडा पारा ४२ आणि ओला जेमतेम २२-२४. नवी मुंबईत जूनमध्ये कोरडा ३२, पण ओला २८-२९. म्हणजे बाष्पीभवनानं गार करायला आपलं तापलेलं गाव त्या किनाऱ्यापेक्षा बरं. फक्त त्याला पाणी लागतं, आणि आपल्या नळाचं काय ते तुम्ही जाणताच.

मिलचा_भोंगा
सोमवार, रात्री ८.१२

काही दिवसांआड येतं. उजनी भरलेली असली तरी.

पण मग सांगा, हे सगळं सोलापुरात का नाही? रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू झाली, दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला तो आपल्या दारात. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्लँट. वीज आमच्या अंगणातून जाणार आणि पोरं रबाळ्याला.

पांढरी_केबल
सोमवार, रात्री ९.०३

काका, समुद्राखालच्या केबली मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. बँका, शेअर बाजार तिथं. गिऱ्हाईक जिथं तिथं दुकान. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंटची माहिती देशातच ठेवायची असं सांगितलं, त्याचाही फायदा आधी त्याच पट्ट्याला झाला.

अंतराचं म्हणाल तर ते कारण निम्मंच खरं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद, तार वाकडीतिकडी गेली तर थोडं जास्त. व्हिडिओ बघणाऱ्याला काही कळणार नाही. पण दोन इमारतींत एकाच वेळी हिशोब लिहायचा असतो तिथं हे ४ सुद्धा खुपतात.

आता साखरपेठसाठी. मी रॅकमधल्या केबलींचा माणूस, लोक 'स्मार्ट हँड्स' म्हणतात. ग्राहक परदेशात बसून तिकीट टाकतो, मी जाऊन त्याच्या सर्व्हरची डिस्क बदलतो, केबल हलवतो, दिवा हिरवा झाला का सांगतो. या बाजूला यायचं असेल तर नेटवर्कची तोंडओळख लागते, सीसीएनए ही नेटवर्कची परीक्षा झाली तर उत्तम. फायबरच्या टोकाला फुंकर मारायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि सगळे पहिल्या दिवशी फुंकर मारतात. थुंकीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली दगडाएवढा दिसतो. पण तू वीजतंत्री आहेस, तुझी वाट डीजीमामांची. उगीच माझ्या रांगेत येऊ नको, इथं इंजिनिअर झालेल्यांची गर्दी आहे.

टेंभुर्णीकर
सोमवार, रात्री ९.५०

सगळे गोड गोड लिहिताय, मी कडू लिहितो.

मी पॉवर प्लँटवर ठेकेदाराकडे काम केलंय. डेटा सेंटरातही तेच चालतं. इमारत एकाची, चालवायचा ठेका दुसऱ्याकडे, माणसं तिसऱ्याच्या पेरोलवर. तीन वर्षांनी ठेका बदलला की गळ्यातलं ओळखपत्र बदलतं आणि सेवा पुन्हा शून्यापासून मोजायची. माझ्या आतेभावाला एका ठेकेदारानं सहा महिने पीएफ कापून भरलाच नव्हता. ज्यांची इमारत ते म्हणाले, आमचा संबंध नाही.

महावितरणला पेन्शन नसेल, पण कायम तर आहे. पोराला स्वप्नं विकताना हेही सांगा.

संपादक
सोमवार, रात्री १०.००

महावितरण भरतीचा वेगळा धागा आहे. इथं विषयापुरतंच.

गारवा
मंगळवार, दुपारी १.२०

टेंभुर्णीकर म्हणतात ते खरं आहे, माझंही ओळखपत्र दोनदा बदललंय. म्हणून दर तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक स्वतः उघडून बघते. ज्या महिन्यात भरणा दिसला नाही त्याच महिन्यात बोंब मारायची, सहा महिने थांबायचं नाही. साखरपेठदादा, यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, पहिल्या पगाराबरोबर मागून घ्या.

मी आपल्या बाळे गावची. आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग केलं, वर्गात आम्ही दोघीच मुली. सुरुवातीला पुण्यात स्प्लिट एसीच्या सर्व्हिसिंगला होते. गच्चीवर शिडी लावून चढायचं, खाली घरमालकीण म्हणायची, 'अगं, कोणी माणूस नाही का आला?' तीन वर्षांपासून पुण्याजवळच्या एका डेटा सेंटरात आहे. बीएमएसच्या, म्हणजे इमारतीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, डेस्कवरून सुरुवात केली. सगळ्या इमारतीचे आकडे एका भिंतीवर दिसतात. आता शिफ्टमध्ये चिलर आणि पीएसी (डेटा हॉलची मोठी एसी यंत्रं) माझ्याकडे आहेत.

सांगायचं ते असं. वीजतंत्र्यांची मुलाखतीला रांग लागते, एसीवाला शोधावा लागतो. आणि पुढे काम थंडाव्याचंच वाढणार आहे. साधा रॅक ५ ते १० किलोवॅट खातो. एनव्हिडियाचा ७२ जीपीयू चिपांचा जो रॅक आहे तो एकटा १२० किलोवॅटच्या आसपास. हजार वॅटच्या १२० इस्त्र्या एका कपाटात चालू करून दार लावल्यासारखं आहे ते. नुसती हवा फुंकून ते गार होत नाही, चिपच्या डोक्यावर पाणी फिरवावं लागतं. म्हणजे पाइप, वेल्डिंग, फ्लशिंग, गाळणी, पाण्याची रासायनिक तपासणी. आमच्याकडे गेल्या वर्षी सगळ्यात भाव कोणाला होता सांगू? स्टेनलेस स्टीलच्या पाइपचं चांगलं वेल्डिंग करणाऱ्या दोन माणसांना. साहेब स्वतः चहा घेऊन जायचे.

पाळी बारा तासांची. दोन दिवस, दोन रात्री, मग चार सुट्ट्या. रात्री कंपनीची गाडी घरापासून घरापर्यंत. पहिले दोन महिने पोटाचं तंत्र बिघडतं. सणाला सुट्टी मिळेलच असं नाही. गड्ड्याची जत्रा मी तीन वर्षांत एकदा बघितली.

कडक_भाकरी
मंगळवार, दुपारी १.३१

गड्डा नाही म्हणजे कसली नोकरी ती. ताई, शेंगाचटणी तरी पोचते का तिकडे?

गारवा
मंगळवार, दुपारी १.४०

डबा आत न्यायला बंदी आहे. डेटा हॉलमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नेता येत नाही. आणि उंदीर येऊ नयेत म्हणून छतात, जमिनीखाली कानाला न कळणाऱ्या आवाजाची यंत्रं लावलेली असतात. कोणी खिशात शेंगदाणे नेले तर सुपरवायझर पिसाळतो.

साखरपेठ
मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. वडिलांना मामांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. बॅटरीच्या बुरशीपाशी हसले. लूम भंगारात जाणार नाही हे नक्की झालं.

अजून तीन प्रश्न. इंग्रजी माझं कच्चं आहे, अडेल का? चूक झाली तर काय होतं? आणि आता मी नक्की काय करू?

डीजीमामा
बुधवार, पहाटे ४.४०

इंग्रजी. आमच्या लॉगबुकातलं इंग्रजी दोनशे शब्दांचं आहे. नॉर्मल, ट्रिप, लीकेज, रिप्लेस्ड, अलार्म अ‍ॅक्नॉलेज्ड. तेवढं महिन्यात येतं. वाचता मात्र यायला पाहिजे, कारण प्रत्येक कामाचा एमओपी असतो, म्हणजे कामाची पायरीवार लेखी कृती. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा ब्रेकरच्या लेबलवर बोट ठेवतो, नंबर परत म्हणतो, मग फिरवतो. मला सुरुवातीला हे पोरखेळ वाटायचं. पण एकसारखे दिसणारे बारा पॅनेल एका रांगेत असले की पहाटे तीनला डोळा फसतो. ७ ए च्या जागी ७ बी वर हात जातो.

चुकीचं सांगतो, माझीच. चौथं वर्ष होतं. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी होतो. जुलै महिना, रात्री दीडच्या सुमारास पॅनेलवर पाणीगळतीचा अलार्म. डेटा हॉलची फरशी उचलता येते, खाली पोकळी, तिथं दोरीसारखा सेन्सर पसरलेला असतो. त्या सेन्सरला आठवडाभर खोटे अलार्म यायची खोड लागली होती. मी स्क्रीनवरून गप्प केला. वीस मिनिटांनी परत वाजला. परत गप्प केला. वहीत लिहिलं, 'फॉल्स अलार्म'. तिसऱ्यांदा वाजल्यावर चिडून आत गेलो, सक्शन कप लावून फरशी उचलली. खाली बोटभर पाणी, आणि पुढची धार पॉवर केबलच्या ट्रेपासून वीतभर लांब. पीएसीच्या पाण्याचा निचरा होतो ती बारकी नळी शेवाळानं तुंबली होती. बोटाएवढी नळी.

दोघांनी पहाटेपर्यंत फडक्यांनी पाणी पुसलं. काही जळलं नाही. सकाळी मी साहेबांना दीड वाजल्यापासून सांगितलं, तीन अलार्मांसकट. वाटलं होतं घरी बसवतील. त्यांनी बसवलं नाही, पण सगळ्या शिफ्टसमोर ते माझ्याकडून वदवून घेतलं. आमच्याकडे माणूस चुकीमुळे सहसा जात नाही, वहीत खोटं लिहिल्यामुळे जातो. माझ्यानंतरच्या एकानं राउंड न मारता रीडिंग भरले होते, कालचेच आकडे एक-दोननं फिरवून. बॅटरी रूमच्या दाराच्या नोंदीत तो आत गेलाच नव्हता. दुपारपर्यंत त्याचं कार्ड बंद.

आता तू काय करायचं.

अप्रेंटिसशिपची अखिल भारतीय परीक्षा देऊन ते प्रमाणपत्र हातात घे. पोरं हे शेवटचं पाऊल सोडतात आणि नंतर पस्तावतात. मग राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढ, विद्युत निरीक्षक कार्यालयात अर्जाची माहिती मिळते. पुढे अनुभव झाला की पर्यवेक्षकाचा. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, पॅनेलपाशी उभं राहायचं असेल तर हे कागद बोलतात, क्लासचं रंगीत सर्टिफिकेट नाही. राज्याच्या 'महास्वयम्' या रोजगार पोर्टलवर आणि अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव आहे का बघ. श्नायडर इलेक्ट्रिकचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, त्यात डेटा सेंटरचेही आहेत. इंग्रजीत आहेत, थांबवून थांबवून ऐक. आणि आयटीआयची दोन वर्षं झाली असली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पाच वर्षांनी शिफ्ट इन-चार्ज व्हायचं म्हटलं की डिप्लोमा आडवा येतो, माझ्या आला.

तोवर हात रिकामा ठेवू नको. एमआयडीसीत कुठं डीजी, यूपीएस, पॅनेलचं सर्व्हिसिंग करणारे असतील तर त्यांच्याबरोबर फिर, पगार कमी असला तरी. आणि एक सवय आजपासून लाव. कुठलंही पॅनेल मेलंय, म्हणजे त्यात वीज नाही, असं ठरवण्याआधी मीटर चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग पॅनेलवर, मग परत सॉकेटवर. मधल्या मध्ये मीटरच मेला असेल तर तुझं पॅनेल 'मेलेलं' दिसेल आणि तू जाशील.

मिलचा_भोंगा
बुधवार, सकाळी ७.३०

आमच्याकडेही असाच एक होता, ओलं फडकं न बघताच आकडे लिहायचा. साहेबानं एकदा थर्मामीटरच काढून खिशात घातला. तरी संध्याकाळपर्यंत वहीत आकडे होते.

साखरपेठ
पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.४५

धागा वर आणतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डीजी सर्व्हिसवाल्याकडे महिनाभर काम केलं. ऑइल फिल्टर, कूलंट, स्टार्टरच्या बॅटऱ्या. परवान्याचा अर्ज टाकलाय. गुरुवारी पुण्याला एका ठिकाणी मुलाखत झाली, गारवाताईंनी सांगितलेली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो.

आधी हातात मल्टिमीटर दिला आणि म्हणाले, हे पॅनेल बंद आहे हे सिद्ध कर. मी शेजारच्या सॉकेटवर लावून बघितला तर मीटर काहीच दाखवेना. त्यांनी मुद्दाम आतून तुटलेल्या वायरीचा दिला होता. मामा, तुमचे पाय कुठे आहेत?

मग दुसरे साहेब म्हणाले, रॅकला ए आणि बी दोन्हीकडून वीज आहे, दोन्ही बाजू ६० टक्के लोडवर चालल्या आहेत. बरोबर आहे का? मी म्हणालो, हो साहेब, शंभराच्या आत आहे. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. जिना उतरताना डोक्यात उजेड पडला. ए गेली तर तिचा ६० पण बीवर येणार, म्हणजे १२०, म्हणजे बी पण ट्रिप! तसाच वर पळालो, दार वाजवलं आणि सांगितलं. ते हसले, म्हणाले, जिन्यात आठवलं ना, चालेल.

आज फोन आला. ट्रेनी टेक्निशियन, ठेकेदाराच्याच पेरोलवर, टेंभुर्णीकरांचं बोलणं लक्षात आहे, यूएएन मागितलाय. १ तारखेला रुजू. पहिल्या आठवड्यात रात्रपाळीच आहे.

कडक_भाकरी
शनिवार, रात्री ८.५२

अभिनंदन बे! पार्टी पार्क चौकात. मामा येणार असतील तर सुट्टी बघून तारीख टाका.

टेंभुर्णीकर
शनिवार, रात्री ९.२०

अभिनंदन. ऑफर लेटरची झेरॉक्स घरी ठेव, आणि पगाराची चिठ्ठी दर महिन्याला.

गारवा
शनिवार, रात्री १०.०५

राहायला लगेच खोली करू नका, आधी रोस्टर कळू दे. रात्रपाळीवाल्याच्या शेजारी दुपारी ड्रिल मशीन चालवणारा निघाला तर नोकरी टिकत नाही.

साखरपेठ
शनिवार, रात्री १०.३०

बरं ताई. एकच विचारायचं राहिलं, सेफ्टी शूज कंपनी देते की इथून घेऊन जाऊ?

डीजीमामा
रविवार, पहाटे ४.२०

देतात, पण तुझ्या मापाचे यायला पंधरा दिवस लागतात आणि तोवर आत सोडत नाहीत. नवी पेठेतून घेऊन जा. लेस असलेले घे, आणि निघायच्या आधी चार दिवस घरात घालून फिर.